बाद मालाचे पेढे

ती घटना आठवली की आजही मला आधी वास आठवतो. जळक्या प्लास्टिकचा आणि साबुदाणा वड्यांचा, एकत्र. उभी नोकरी दिल्लीच्या पोलीस ठाण्यांत काढली. तिथल्या गुन्ह्यांना बहुधा दारूचा नाहीतर घामाचा वास असायचा. असा खमंग गुन्हा हा एकच.

नावं कोणाचीच सांगणार नाही, माझंसुद्धा नाही. एवढंच सांगतो, की वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढलो आणि इथल्याच पोलीस दलात भरती झालो. आडनाव असं, की छातीवरची नेमप्लेट वाचून कोणी मला राजस्थानी समजे, तर कोणी बनिया. घराबाहेर अस्सल दिल्लीची हिंदी. मराठी फक्त घरात, आणि तीही बायकोच्या मते 'डागडुजीला आलेली'. बायको पुण्याची आहे, त्यामुळे या विषयावर मी वाद घालत नाही.

तेव्हा मोबाइल नुकते स्मार्ट झाले होते आणि दुपारपर्यंत माना टाकत होते. नोएडा, गुडगाव, फरीदाबादच्या नव्या टॉवरांतली पोरं-पोरी एकवेळ डबा विसरायची, पण पॉवर बँक विसरायची नाहीत. खिशात मावणारी ती जादूची वडी बाजारात दर चार पावलांवर मिळायची. कोण बनवतं, कुठे बनवतं, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. मलाही नव्हती.

एका रविवारी आम्ही उभयता कोपर्निकस मार्गावरच्या, महाराष्ट्र सरकारच्या जुन्या अतिथिगृहात वडे खायला गेलो होतो. दिल्लीतल्या मराठी माणसाला महिन्यातून एकदा तिथे गेल्याशिवाय चैन पडत नाही. शेजारच्या टेबलावर तिशीच्या आतली एक मुलगी एकटीच फोनवर बोलत होती. तिची पर्स खुर्चीला अडकवलेली. एकाएकी पर्समधून 'फुस्स' असा आवाज आला आणि पाठोपाठ धूर.

मी पर्स तिथल्या तिथे टेबलावर उलटी केली. लिपस्टिक, किल्ल्या, रुमाल आणि मध्ये एक पांढरी पॉवर बँक, पुरीसारखी फुगलेली. ती एका ताटलीवर घेतली, वरून दुसरी ताटली झाकली आणि बाहेरच्या मोठ्या कुंडीत नेऊन पुरली. मातीतून बराच वेळ धूर येत होता. झाड कसलं होतं ते आठवत नाही, पण नंतर ते काही जगलं नाही.

बायकोने मुलीला आमच्या टेबलावर बसवलं, पाणी दिलं. मुलगी मूळची पुण्याची, पेशाने इंजिनीअर. आयटी कंपनीतली नोकरी सोडून तिने स्वतःच्या नावाच्या पॉवर बँका विकायचा धंदा काढला होता. एका बड्या कंपनीने दिवाळीत आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना वाटण्यासाठी तिच्याकडे पहिली मोठी ऑर्डर दिली होती. माल दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घ्यायचा आणि त्यावर हिचं नाव छापायचं, असा बेत. कारखाना ठरला होता, करारावर सह्या बुधवारी व्हायच्या होत्या. कुंडीत पुरलेली वस्तू त्याच कारखान्याने दिलेला नमुना होता.

"पण काका, मी स्वतः कारखाना पाहिलाय," ती म्हणाली. "फरीदाबादला. एकदम क्लीन, टेस्टिंगची मशीन्स, सगळ्यांना कोट. सर्टिफिकेट्स पण दाखवली."

"खरी होती?"

तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, "नोंदणी क्रमांक तपासायचा असतो, मला माहितीये. पण तो माणूस मराठी निघाला. 'ताई, दिल्लीत आपण मराठी माणसंच एकमेकांना धरून राहिलं पाहिजे,' म्हणाला. त्याच्या बायकोने मला पुरणपोळी खाऊ घातली. मग क्रमांक कसा तपासणार? मला ऑकवर्ड वाटलं."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की मराठी माणूस पाघळतो. पुण्यात हिने त्याच माणसाला दहा प्रश्न विचारले असते. इथे एका पोळीवर काम भागलं.

तिने तिथेच फोनवर तो क्रमांक सरकारी यादीत शोधला. क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच एका कंपनीच्या वेगळ्याच वस्तूचा. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या अंगणात तिने उरलेला एक नमुना जपून उघडला. आत जुन्या लॅपटॉपमधून काढलेला एक सेल, त्यावर नवं निळं वेष्टन. बाकीच्या जागी वजन भरावं म्हणून वाळूच्या नळ्या. आमचा हरियाणवी हवालदार त्या वाळूकडे बघून म्हणाला, "जनाब, यो तो बैंक में रेत जमा कर राखी सै!"

त्या माणसाचं ऑफिस आमच्या हद्दीतल्या संगणकांच्या बाजारात होतं. म्हणजे तक्रार आमच्याकडे घेता येत होती. मी मुलीला म्हटलं, लेखी दे. तिचं पेन कागदावर थांबलं.

"काका, कंप्लेंट केली तर माल कोण देणार? दिवाळी तोंडावर आलीये. पहिलीच ऑर्डर गेली तर मला परत कोण उभं करेल?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी कायद्याचं काहीतरी बोलणार होतो, पण जेवणाचा डबा घेऊन आलेली माझी बायको मध्येच म्हणाली, "अगं, त्या पॉवर बँकेवर नाव कोणाचं असणार? त्याचं की तुझं?"

मुलीने तक्रार लिहून दिली. रोजनामच्यात नोंद झाली. त्या माणसाचं नाव ठाण्यात 'ताईवाला' पडलं, कारण तिच्या जबाबात दर ओळीला तो 'ताई' म्हणत होता.

एवढ्यावर त्याला उचलता आलं असतं, पण ते टिकलं नसतं. नमुना बदलला असेल, क्रमांक छापताना चुकला असेल, अशी पळवाट त्याने काढली असती. आणि मला खरी काळजी वेगळीच होती. असले जुने, फुगलेले सेल कुठेतरी ढिगाने पडलेले असणार. जिथे पडलेत तिथे वर, शेजारी माणसं असणार. ती जागा आम्हाला ठाऊक नव्हती. म्हणून आधी तो चकचकीत कारखाना स्वतः पाहायचं ठरवलं.

मुलीने ताईवाल्याला कळवलं, की पैसे लावणारे एक लालाजी सह्यांच्या आधी कारखाना बघू म्हणतायत. लालाजी म्हणजे मी. बायकोने मला सफारी सूट चढवला आणि बजावलं, "मराठीत एक अक्षर बोलू नका. तसंही तुम्हाला जड जाणार नाही."

ही मराठी लपवायची युक्ती माझीच, आणि ती सुचायला कारण होतं. लक्ष्मीबाई नगरात आम्ही लहान असताना आई बाजारात घासाघीस करताना आमच्याशी मोठ्याने मराठीत बोलायची. "जास्त सांगतोय मेला, आपण निघाल्यासारखं करू, मग येईल खाली." समोर दुकानदार उभा! दिल्लीतले सगळे मराठी लोक हेच करतात. मराठी बोलायला लागलो की आपल्याभोवती चार भिंती उभ्या राहिल्या असं आपल्याला वाटतं. एकदा एका चादरीवाल्याने आईला शांतपणे उत्तर दिलं, "ताई, निघाल्यासारखं करू नका, खरंच निघा. मी धुळ्याचा." आईने तो बाजारच बदलला, सवय मात्र बदलली नाही.

फरीदाबादचा कारखाना मुलीने सांगितला तसाच होता. पांढराशुभ्र. पण मी आत पाऊल टाकलं आणि मला थेट आमच्या वार्षिक तपासणीची आठवण झाली. वरिष्ठ येणार म्हटलं की ठाण्यात काय काय होतं, हे मी आयुष्यभर पाहिलंय. झाडांच्या बुंध्यांना गेरू, कडेच्या विटांना चुना, भंगार मागच्या खोलीत, आणि ज्याला कधी सरळ उभं राहिलेलं पाहिलं नाही तो शिपाई दारात ताठ. इथेही तेच. कोटांच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. बेसिनवरच्या साबणावर कंपनीचं नाव जसंच्या तसं उमटलेलं. आगीच्या लाल बादल्यांतली वाळू चाळून भरल्यासारखी स्वच्छ. कामाच्या जागी वर्षभर ठेवलेल्या वाळूच्या बादलीत पानाची पिंक, विड्यांची थोटकं, चहाचे कप नाहीत, हे उत्तर भारतात मी कधी पाहिलेलं नाही.

ताईवाला गोरा, गोड, चाळिशीचा. बरोबर त्याचा मेहुणा, तोच सुपरवायझर म्हणून फिरत होता. मी हिंदीत विचारलं, "भाई साहब, जो माल टेस्ट में फेल होता है, वो कहाँ रखते हो?"

"फेल?" तो हसला. "लालाजी, हमारे यहाँ फेल होता ही नहीं. ज़ीरो!"

माझ्यापुरती केस तिथेच उभी राहिली. ज्या ठाण्याच्या हद्दीत वर्षभर एकही चोरी होत नाही, तिथे चोर सुधारलेले नसतात, फक्त तक्रार लिहून घेणारा हात आखडलेला असतो. जिथे कधीच काही बाद होत नाही, तिथे कोणी तपासत नाही.

मुलगी एका मशीनपाशी थांबली होती. मी साबणाकडे बघत बेसिनशी उभा. ताईवाला माझ्यापासून दोन हातांवर मेहुण्याला मराठीत म्हणाला, "लालाला लवकर काढ बाहेर. मशीनं आज परत द्यायचीत, आणि कोट मोजून घे, मागच्या वेळी दोन गेले." मेहुण्याने मान डोलावली. मी हात धुतले. नंतर कळलं, की कारखाना बंद पडलेला होता, दिवसाच्या भाड्याने मिळायचा. मशीनं, कोट, कोटांतली माणसं, सगळंच भाड्याचं.

आम्ही ताईवाल्याला आणि मेहुण्याला नोटीस देऊन ठाण्यात बोलावलं. मी वर्दीत खोलीत शिरलो तसा ताईवाला अर्धवट उठला.

"अरे! लालाजी, आप?"

"जी, मैं ही. बैठिए, बैठिए."

त्याच्या तोंडचं पाणी क्षणभर पळालं, पण गडी तयारीचा. लगेच सावरला. "सर, कुछ मिसअंडरस्टँडिंग हुई है. मॅडम हमारी बहन जैसी हैं." मी विचारत गेलो, तो सांगत गेला. सेल कुठून घेता? अमुक आयातदाराकडून. कामगार किती दिवसांपासून? सगळे जुने. माझा अनुभव असा, की खरं बोलणाऱ्याला थोडं आठवावं लागतं, तो अडखळतो, स्वतःलाच दुरुस्त करतो. हा पाठांतराच्या स्पर्धेत आल्यासारखा घडाघडा उत्तरं देत होता. बनवायची जागा विचारली की मात्र पुन्हा तोच फरीदाबादचा पांढरा कारखाना.

आवाज चढवून काही होणार नव्हतं. मी चहा मागवला, चष्मा लावला आणि कागदांवर सह्या करत बसलो. पोलीस ठाण्यात अधिकारी गप्प बसला की समोरच्याला बोलल्याशिवाय राहवत नाही. माझ्याशी बोलायची सोय नव्हती, म्हणून ते एकमेकांशी बोलायला लागले. अर्थातच मराठीत.

"भाऊजी, तळघराचं काय करायचं?"

"हळू बोल."

"यांना काय कळतंय!"

"किल्ली तुझ्याकडेच आहे ना? इथून सुटलो की टेम्पो लाव. वरच्या ट्यूशनची पोरं घरी गेली की सगळं उचल. जुने सेल आधी. कालपासून गरम लागतायत."

"आणि हा लाला?"

"चहा पाजून सोडेल. ढ आहे. कारखान्यात साबण बघत बसला होता."

'ढ' ऐकून मला वाईट वाटलं नाही, पण 'ट्यूशनची पोरं' ऐकून हातातलं पेन थांबलं. मी सही पूर्ण केली, पेनला टोपण लावलं आणि मान वर केली.

"साखर कमी घालायला सांगू का?" मी विचारलं. "की पोरं घरी जाईपर्यंत चहाच नको?"

मेहुणा जागेवर उभा राहिला. ताईवाला खुर्चीतच माझ्याकडे वळला.

"साहेब... तुम्ही मराठी?"

"लक्ष्मीबाई नगरचा. आणि तो साबण नवा होता, म्हणून बघत होतो. चला, किल्ली काढा."

दारातल्या हवालदाराला काय झालं ते कळलं नाही. त्याने मला नंतर विचारलं, "जनाब, कौण सा मंतर पढ्या था?"

किल्लीबरोबर पत्ताही निघाला. जागा आमच्याच हद्दीत, नव्याने उभ्या राहिलेल्या एका वसाहतीत होती. वर दोन मजले फ्लॅट, तळमजल्यावर दहावीचा क्लास, खाली तळघर. आधी क्लास रिकामा केला. गणिताचे सर रागावून म्हणाले, "परीक्षा है इनकी!" पोरांनी मात्र पोलिसांचा असा जयजयकार केला, की माझ्या नोकरीत तसा आधी वा नंतर कधीच झाला नाही. अग्निशमनवाल्यांनी तळघर उघडलं. पोत्यांत भरलेले जुने लॅपटॉपचे सेल, काही गंजलेले, काही फुगलेले. शेजारी वाळूची गोणी, निळ्या वेष्टनाची बंडलं आणि खोटा क्रमांक छापलेले स्टिकर. एका पोत्याला हात लावला तर ते तव्यासारखं तापलेलं. गणिताचे सर जिन्यावरून डोकावले आणि पोरांना आणखी लांब घेऊन गेले.

पंचनामा झाला, फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, दोघांना अटक झाली. मुद्देमाल मालखान्यात ठेवायला कोणी तयार होईना. शेवटी अग्निशमनवाल्यांच्या सल्ल्याने तो अंगणात, वाळूत, भिंतीपासून लांब ठेवला. हवालदार त्याच्याकडे रोज झोपलेल्या वळूकडे बघावं तसा बघायचा.

पोलिसांचं काम इथे संपलं. मुलीचं संपलं नव्हतं. तिच्या हातात ना माल होता, ना कारखाना. तिने त्या बड्या कंपनीत जाऊन खरं काय ते सांगितलं, की दिवाळीला माल देऊ शकत नाही. बाहेर येऊन तिने बायकोला फोन केला आणि रडली. कंपनीने बघू म्हटलं होतं. नव्या वर्षापर्यंत चांगला माल दाखवलात तर विचार करू. पुढच्याच आठवड्यात ती घरी आली आणि म्हणाली, "काका, एक कारखाना आहे. पण मालक फार खडूस आहे. चलाल का?"

हाही फरीदाबादचाच. म्हातारे पंजाबी मालक. चहा विचारला नाही, ताई म्हटलं नाही. "पहले जूते बदलो जी," हे त्यांचं स्वागत. मी सवयीने आधी आगीच्या बादलीत डोकावलो. वाळूत एक विझलेली विडी! माझा जीव भांड्यात पडला. मालकांनी माझी नजर पाहिली आणि तिथल्या तिथे सगळ्या कामगारांना गोळा करून विडी कोणाची म्हणून असं काही झापलं, की आम्ही दोघं बाजूला उभे राहून उगाच ओशाळलो.

मुलीने यावेळी पोळीची वाट पाहिली नाही. त्यांच्यासमोर नोंदणी क्रमांक फोनवर तपासला. म्हातारे खूश झाले. "चेक करो जी. कोई करता नहीं." मग तिने विचारलं, "सर, जो फेल होता है, वो कहाँ है?"

म्हातारे आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे पिंजऱ्याची एक खोली होती आणि आत नापास मालाचा ढीग. काही वरून पाडून फोडलेले, काही जास्त चार्ज करून फुगवलेले, काही नुसतेच कमी ताकदीचे म्हणून काढलेले. "पहले यही देख लो," ते म्हणाले. "ये सब हमने मारे हैं, ताकि ग्राहक के घर में न मरें. इनको तोड़कर रिसायकलवाले को देते हैं. साबुत एक भी बाहर नहीं जाता."

मी मुलीकडे पाहिलं. बायका सराफाच्या काचेतून बघतात, तशी ती त्या भंगाराकडे बघत होती. तरी तिने त्या दिवशी सही केली नाही. आधी तिच्या देखत एक छोटा लॉट बनवा, तो तपासा, मग बोलू, असं ती म्हाताऱ्यांना म्हणाली. ते पुटपुटले, "लड़की सीख गई है," आणि आम्हाला पहिल्यांदा चहा मिळाला.

या केसने मला जे शिकवलं ते मी खात्यात वापरलं. पुढच्या तपासणीला वरिष्ठ आले. यंदा ठाण्यातले गुन्हे एवढे वाढले कसे, म्हणून त्यांनी भुवई उंचावली. मी म्हटलं, "साहेब, गुन्हे तेवढेच आहेत, आम्ही येईल ती तक्रार लिहून घेतो. तो आमचा बाद माल आहे. झाकून ठेवला तर कोणाच्या तरी घरात फुटेल." बढती थोडी उशिरा झाली, पण झाली. आणि तेव्हापासून घर घेताना, डॉक्टर गाठताना, आमच्या लेकीचं स्थळ बघतानासुद्धा मी एकच गोष्ट विचारतो: तुमचं काय चुकलं होतं, ते सांगा. जो हसून 'काहीच नाही' म्हणतो, त्याला मी नमस्कार करून निघतो. जावई पहिल्याच भेटीत म्हणाला, "बारावीत गणितात नापास झालो होतो." मला मुलगा तिथेच पसंत पडला.

त्या वर्षीची दिवाळी झाली, थंडी पडायला लागली. एका संध्याकाळी दाराची घंटा वाजली. पॉवर बँकवाली मुलगी दारात, धापा टाकत, हातात पेढ्यांचा डबा. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं लग्न ठरलं.

"काका, काकू, माल बाद झाला!" ती ओरडली.

बायको आतून घाबरून धावत आली. "अगं, मग पेढे कसले?"

"छोट्या लॉटमधला तब्बल खोकाभर माल फॅक्टरीवाल्या अंकलनी स्वतः बाद केला, काकू. मी काही बोलायच्या आधी. माझ्यासमोर तोडला. आणि उरलेला त्या कंपनीने त्यांच्या माणसांकडून तपासून घेतला. सगळा पास! ऑर्डर माझी राहिली. आत्ताच सही करून येतेय."

बायकोने आधी तिला जवळ घेतलं, मग पेढ्यांचा डबा देवापुढे न्यायला उचलला. मी मात्र देवापर्यंत थांबलो नाही. एक पेढा मधल्यामध्ये उचलून तोंडात टाकला.

"तुम्ही कसे ओ असे!" बायको म्हणाली.

"तपासून बघतोय," मी म्हटलं. "पास आहे. ठेव देवापुढे."